आंब्याचं सागवान

बुऱ्हाणपूर, ऑक्टोबर १९५६

रा. रा. प्रभाकरराव मास्तर, मुक्काम रावेर, यांस दाजींचा नमस्कार.

आजवर मी तुम्हाला 'चिरंजीव' लिहीत आलो, आज 'रा. रा.' लिहितो आहे. (शंका आली की माझ्याकडे माणसाचा मान वाढतो.) तुमची सर्दी आणि उषाबाईंचे गुडघे बरे असावेत. इकडे एक खोका सोडला तर सगळ्यांच्या तब्येती उत्तम.

आधी हिशेब. स्पीकरच्या या खोक्याचा खरा खर्च असा: आंब्याच्या फळ्या, बाटलीभर टर्पेंटाइन, तुमच्या ताईची शिंगाची फणी, माझं नेसतं धोतर आणि एक मेहुणा. शेवटची बाब अजून कच्ची धरली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की एक नोव्हेंबरला नवं राज्य होतंय. आमचे कागद आजवर नागपुरात हरवत, आता भोपाळात हरवतील. त्या दिवशीच्या सभेला लाउडस्पीकर लावायला सभेच्या कमिटीने मला बोलावलं, पण अट घातली की पत्र्याचा कर्णा नको, तो लग्नातला वाटतो. सागवानी खोक्यातला भारदस्त स्पीकर हवा. गुरुवारी कमिटी आवाज ऐकणार. पसंत पडला तर ही सभा आणि पुढच्या सगळ्या सभा माझ्या, नाही तर नंदकुमारच्या, जो परवापर्यंत माझ्याच दुकानात वायरी गुंडाळत होता.

सागवान मी कुठून आणणार? म्हणून आंब्यालाच सागवान केलं. आधी हळदी रंगाचा हात, तो वाळला की वर पातळ तपकिरी, आणि तो ओला असतानाच फणी ओढायची. मधेच मनगट थरथरवलं की रेघा वळतात, गाठीसुद्धा पडतात. वरून लाखेचं पॉलिश. रेघ वरच्या फळीतून निघते ती समोरच्या कापडी पडद्यावरून थेट खालच्या फळीत उतरते, कुठे तुटत नाही. लाकूड कुठे संपलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दसऱ्याला हे काम चाललं असताना तुम्ही शेजारी बसून "दाजी, स्पीकर मात्र झकास आहे" असं पुन्हा पुन्हा म्हणत होतात. खोका नाही, स्पीकर. हे मी तेव्हाच कानात ठेवलं.

खोका वाळत ठेवला त्याच खोलीत तुम्ही झोपलात आणि सकाळी चहाला न थांबता गाडी गाठलीत. टांग्यात तुमची पिशवी टेकली तेव्हा झालेला आवाज लोखंडाचा होता. प्रभाकरराव, हे कान मिलमध्ये कांड्या उचलताना घडले आहेत. सगळे माग खडखडत असताना कुठल्याचा धागा तुटला ते मी पाठमोरा सांगत असे. स्पीकरचं लोहचुंबक मला कळणार नाही?

रंग कडक वाळल्यावर परवा यंत्र लावलं. आमच्या मालतीने माइकपाशी "हॅलो" म्हटलं, तर आतून कोणीतरी तोंडावर गोधडी घेऊन कण्हलं. रंगवण्याआधी हाच आवाज गल्ली ओलांडून जात होता. नंदकुमार नेमका दारावरून चालला होता. म्हणाला, "वामनशेठ, खोका तो राजा है, आवाज कहाँ गाड़ दी?" मी मागची फळी काढली. आतला स्पीकर हुबेहूब माझ्या स्पीकरसारखा, म्हणजे बदलणाऱ्याने जोडी धुंडून आणली असणार. शिवाय फळी काढली की आवाज मोकळा, लावली की दबलेला. चोर मागूनच शिरला याला आणखी काय पुरावा हवा? तुमच्या ताईला सांगितलं तर म्हणते, "माझा भाऊ पोरांची पेन्सिलसुद्धा परत देतो." मी म्हटलं, पेन्सिलीत कोणी भाषण करत नाही.

असो. नातं मनात असावं आणि स्पीकर खोक्यात, एवढंच माझं म्हणणं.

आपला,
वामन

ता. क. गुरुवारच्या आत या आणि येताना स्पीकर आणा. कुणाचा, कुठून, हे मी विचारणार नाही. ताईला भाऊबीज आगाऊ दिली असं आपण चारचौघांत सांगू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना तुमच्या ताईने खोक्याचा पडदा बोटाने वाजवून पाहिला. म्हणाली, "अहो, यावर पापड लाटता येतील." तिने ते कापड उसवलं तशी मालतीचं "हॅलो" रस्त्यापलीकडे गेलं आणि नंदकुमार त्याच्या दुकानाबाहेर आला. कापडाला रंगाचे दोन हात आणि पॉलिश मीच दिलं होतं. गुरुवारी तरीही या, रिकाम्या हाताने या. पत्र फाडत नाही, अक्षर बरं आलंय.

ता. क. तिसरा. पिशवीत उषाबाईंसाठी ताईने दिलेला खलबत्ता होता. पितळी.