कॉफी सोडली, पोट राहिलं

प्रिय विजू,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. वडे होते, खीर होती, तुझ्या आवडीची अळूची भाजीसुद्धा गाझियाबादहून शोधून आणली होती. कॉफी मात्र नव्हती. म्हणून लिहिते आहे.

गुरुजींनी विचारलं, "यांच्या आवडीचं आणखी काही?"

"कॉफी," तुझी सुनीता म्हणाली. "पण ती या घरात येणार नाही. तिनंच नेलं त्यांना."

तेराव्यापासून तिनं तुझ्या नावानं कॉफी सोडली आहे, आणि तुझ्या लेकीला, मुग्धालाही सोडायला लावली आहे. तिचं दुःख मला कळतं. निदान मात्र चुकलं आहे.

नोएडात तुझी ती परदेशी कंपनी आली आणि तू बदललास. स्कूटर जाऊन गाडी आली, लिफ्टचा फ्लॅट आला आणि ऑफिसात बटण दाबलं की कॉफी देणारं यंत्र आलं. सुनीतानं दिलेला डबा संध्याकाळी तसाच परत यायचा.

"जेवायला वेळ कुणाला आहे यार!"

"मी तुझी यार नाही, मोठी बहीण आहे."

"अगं ताई, कॉफीनं चरबी जळते. आमचा जिमवाला सांगतो, बिल्कुल फॅक्ट आहे."

तुझा जिमवाला अर्धंच सांगायचा. कॉफीतल्या कॅफीनमुळे शरीर थोडा वेळ थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं, हे खरं. पण शरीराला त्याची सवय होते आणि फायदा आणखी घटतो. शिवाय तुझ्या यंत्रातल्या कॉफीत साखर आणि दुधाची पावडर किती असायची? दुपारची भूक मारून रात्री पराठे कोण हाणायचं? आणि संध्याकाळच्या कॉफीनं झोप उडाली की दुसऱ्या दिवशी जास्त खावंसं वाटतं, हे त्यानं सांगितलं होतं का?

तरी कॉफी हे विष नव्हे. बेतानं घेतली तर बहुतेकांना ती सोसते. माझं बोट वेगळ्याच ठिकाणी होतं. आठवतं? दिवाळीत सगळ्यांसमोर ते तुझ्या पोटात खुपसलं होतं.

"हे काय आहे?"

"काही नाही! पँटचा नंबर अजून कॉलेजातलाच आहे."

"नंबर तोच आहे. पट्टा पोटाखाली उतरलाय."

सगळे हसले. तू सगळ्यांत मोठ्यानं. मग म्हणालास, "आधी ताईकडे बघा, मग माझ्याकडे. जपायचं कोणी?" मी रुंद बांध्याची, तू काडीसारख्या हातापायांचा. काट्यावर तू जिंकायचास. पण काटा वजन सांगतो, चरबी कुठे बसली आहे ते सांगत नाही. कातडीखालची चरबी दिसते, तिला लोक नावं ठेवतात. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठते ती जास्त घातक. ती नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, रक्तातली साखर आणि चरबी वाढते, हृदयावर ताण येतो. आपल्या लोकांत हे बारीक माणसांनाही होतं. प्राणिशास्त्र शिकून मला जमाना झाला, पण एवढं मी वाचत आले आहे. तुझं हृदय नेमकं कशानं थांबलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. रक्त तपासायला तू कधी गेलासच नाहीस, मग कोण सांगणार?

आता काल काय झालं ते ऐक. मुग्धा माझ्या शेजारी जेवायला बसली होती. तिचे हात तुझेच, बारीक. आणि कुर्त्याखाली पोटही तुझंच. सुनीता तिच्या भातावर तूप ओतत होती. "खा गं, किती वाळलीस!"

मी म्हटलं, "सुनीता, हिची साखर तपासून घेऊ."

"वन्सं, श्राद्धाच्या दिवशी हे काय? ती कॉफीला शिवतसुद्धा नाही. आणि वजन बघा तिचं. तिला काय होणार?"

हे शेवटचं वाक्य तुझंच होतं रे! तुझ्याकडून तिनं नेमकं तेच का घेतलं?

पानं उचलताना मुग्धा हळूच म्हणाली, "आत्या, बाबांचं पोट माझ्याकडे आलंय ना?"

"आलंय. पण ते राहिलंच पाहिजे असं नाही. चालणं, वेळेवर जेवण, पुरेशी झोप. आधी तपासणी."

"सोमवारी उपाशी पोटी येते तुझ्याबरोबर. मम्मीला सांगू नकोस हां."

"चोरून नाही जायचं. तिलाही घेऊन जाऊ."

ती घाबरली. मग मान हलवली. तू एवढंसुद्धा कधी केलं नव्हतंस.

आज संध्याकाळी सुनीताकडे जाते आहे. ती रडेल, कदाचित मला दारही दाखवेल. तरी मी उठणार नाही. तुला शब्द देते: सोमवारी दोघींना घेऊन जाईन, आणि अहवालात जे येईल ते दोघींसमोर वाचीन, त्यातलं काही गाळणार नाही. तू प्रत्येक वेळी हसून विषय टाळलास. तुझ्या लेकीला मी हसू देईन. टाळू देणार नाही.

तुझी,
ताई