बाहेरचा फिल्टर

अण्णा, जिंकले मी! तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी सातिवलीतल्या आपल्या गॅरेजचं शटर उघडायच्या आधी तुम्हालाच पत्र लिहायला बसलेय.

जूचंद्रच्या एका शिक्षिकाबाईंच्या गाडीचं इंजिन वॉरंटीत असतानाच बसलं. कंपनीचा ऑइल फिल्टर महिनाभर मिळेना, म्हणून मी बाहेरचा लावला होता, आणि तुमच्या शिस्तीप्रमाणे बिलावर तसं स्पष्ट लिहिलंही होतं. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने तेच बिल आमच्यासमोर नाचवलं. "मॅडम, पार्ट बाहेरचा आहे. वॉरंटी गेली." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. अण्णा, वाटलं, तुम्ही कमावलेलं गॅरेजचं नाव माझ्या हातून जातंय की काय! खरं सांगते, तेव्हा राग आला तो तुमचाच. आठवलं, मी एकोणीस वर्षांची, डुप्लिकेट ब्रेक शू ओरिजिनलच्या डब्यातून काढून ऐटीत बसवतेय, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर तो मलाच पुन्हा खोलायला लावताय. "बाहेरचा लाव, पण बाहेरचा म्हणून सांग. लोक पोरंबाळं घेऊन बसतात त्यात!" आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. आता त्याच खरेपणाने माझा घात केला, असं वाटलं.

पण हार मानेन तर शपथ! म्हटलं, "फिल्टरमुळेच इंजिन गेलं हे दाखवा. कापा तो, सगळ्यांसमोर. दोष माझा निघाला तर इंजिन मी करून देते." लगेच मॅनेजरसाहेबांचा आवाज मऊ. "असं करू, गुडविल म्हणून अर्धा खर्च कंपनी देईल. विषय मिटवा ना." बाई हो म्हणणार होत्या. मीच आडवी आले. "मेहरबानी नको. आधी उघडा."

फिल्टर कापला. आतला कागद धडधाकट. इंजिन खोललं, तर इंजिनला तेल पोचवणाऱ्या ऑइल पंपाचा गिअर तुटलेला, कारखान्यातून आलेला, मूळचाच! सगळं काम वॉरंटीत झालं, आणि जॉबकार्डवरचा माझ्याविरुद्धचा शेरा मॅनेजरने स्वतःच्या हाताने खोडला. बाईंनी तिथेच माझा हात घट्ट धरला. अशी छाती फुगली म्हणून सांगू!

निघताना त्याने मला विचारलं, "मॅडम, एवढं सगळं शिकलात कुठे?" हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून कबूल करते. मी ताठ मानेने म्हटलं, "माझी मीच."