आत घेतलेली शिवण

४ जानेवारी

पोटात दुखतंय! औषधाने जाणारं नव्हे. एका मास्तरीणबाईचा हेवा वाटतोय मला—या वयात!

हिची आणि त्या बाईची खुर्ची शेजारीशेजारी. दोघींना कॅन्सर, दोघींची डोकी तुळतुळीत, हाताला सलाइन—आणि खिदळतात अशा की नर्सबाई दटावते, "अहो, दवाखाना आहे हा!" मी डोकावलो की चिडीचूप.

"काय चाललं होतं?"

"काही नाही हो. बायकांचं."

१२ जानेवारी

गेल्या साली दवाखान्याच्या त्याच हॉलात मीही सलाइन लावून होतो, पुरुषांच्या रांगेत. आधी मी, मग ही—घरात पाळीच लावली जणू. शेजारी एक ड्रायव्हर बसायचा. आम्ही दोघं तोंडात गुळणी धरून. बोललो ते पंख्यावर—जोरात ठेवायचा की हळू. त्याचं दुखणं कुठलं, अजून माहीत नाही.

ह्या दोघींनी पहिल्याच दिवशी एकमेकींचे टाके पाहिले!

१५ जानेवारी

हिचा निळा ब्लाउज खांद्यावरून घसरतोय. दुपारी डोळा लागला तिचा, तेवढ्यात दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. वाळल्याचं तिला कळायला नको. जादा कापड कापलं मात्र नाही, आतच ठेवलं. कापायला हात धजेना.

२६ जानेवारी

पडद्याआडून ऐकलं. ही मास्तरीणबाईला म्हणाली, "अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, सकाळी उठेन ना?"

घरी मी विचारलं. "बरी आहे की!"

जन्मभर कपडे शिवले. बाई दारातून आत आली की माप सांगतो मी. आणि स्वतःच्या बायकोच्या मनातलं पडद्याआडून ऐकायचं? जळफळाट झाला नुसता.

२ फेब्रुवारी

नर्सबाईला म्हटलं, हिला खिडकीजवळ बसवा, उजेड बरा आहे. बसवलं. मास्तरीणबाई राहिली पार दुसऱ्या टोकाला.

ही पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून होती. अगदी आमच्या रांगेतल्यासारखी.

रात्री ताटं तशीच उचलली. तिचंही, माझंही.

९ फेब्रुवारी

खाली मान घालून नर्सबाईला सांगितलं—खुर्ची होती तिथेच ठेवा. मास्तरीणबाईच्या कानावर गेलंच! पाणी भरायला गेलो तिथे गाठलं मला.

"शिंपीदादा, उजेड फार झाला वाटतं?"

मी नळाखाली बाटली धरली.

"अहो, आम्ही तुमच्यावरच तर हसतो! दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडते ती—तुम्हाला मशीनवर बसता यावं म्हणून. म्हणते, 'यांचं बोलणं म्हणजे टीप मारणं. मी रडले तर बिचारे कुठे शिवण आत घेतील?'"

पाण्याची बाटली भरून वाहत होती. लक्षच नाही.

१० फेब्रुवारी

दुपारी ही पडली. मी मशीनवर बसलो. ती जागी आहे, मला ठाऊक. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असावं. तरी हेवा गेला नाही—रडायला ती मास्तरीणबाईकडेच जाते ना!

२१ मार्च

"अहो, निळा ब्लाउज काखेत काचतोय."

काचतोय! मी दोनदा विचारलं. बोट घालून पाहिलं—खरंच, बोट शिरेना. अंग धरलंय हिनं!

"मास्तरीणबाईंना सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला." आणि रडली. माझ्यासमोर. पोटभर.

शिवण उसवतोय. ती शेजारी बसून दोरे वेचतेय.