राणीच्या कपाटावरचा मोर

१८ जानेवारी १९७६

कपाट विकायचं! सांगून मोकळी झाले. लालासाहेबभाऊजी जेवत होते. घास तोंडाजवळ नेलेला तसाच ताटात आला.

"राजाघरची वस्तू हाय ती, वैनी. लोणंदच्या बाजारात मला त्या कपाटावरनं वळखत्यात."

शाळेशेजारची पडकी खोली मला बायकांच्या वाचनालयासाठी हवी आहे. सरपंच म्हणतात, छप्पर घाला आणि घ्या. कौलं काय आभाळातून पडणार? भाऊजी म्हणाले, बायकांना वाचायला छप्पर कशाला लागतं. म्हटलं, तुम्हाला पत्ते कुटायला देऊळ लागतं तसंच. जाऊबाई हरणाबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. मीही मग भाकरीकडे बघत राहिले.

विजयमालाला सांगलीला पत्र टाकलं. जावयांच्या ओळखीत जुन्या लाकूडकामाचा कुणी जाणकार आहे म्हणे.

२० जानेवारी

विकायचं म्हटल्यापासून येता-जाता कपाटाकडेच लक्ष जातं.

एकोणपन्नास साली आलं हे. पलटणीतून सुटून यांना वर्ष झालं होतं. हवापालट म्हणून मेढ्याला मामांकडे गेले ते दोन महिने तिकडेच! आले ते ट्रकात कपाट घालून. एका संस्थानच्या लिलावात मिळालं म्हणाले, राणीसाहेबांच्या पुस्तकांचं. अंगठ्याला चिंधी बांधलेली. कपाट चढवताना चेमटला म्हणे.

तेव्हा मी चुलीपुढे बसून अक्षरं गिरवत होते. शेंगांच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. सासूबाईंना ते खपायचं नाही. "वाचून कलेक्टर व्हणार हायस?" कपाट ठेवल्या दिवशी हे त्यांना म्हणाले, "आई, राणीसाहेब वाचायच्या. मग हिनं वाचलं म्हणून काय बिघडलं?" राणीपुढे सासूबाई काय बोलणार! त्यानंतर कुणी माझ्या हातातलं पुस्तक ओढलं नाही. त्या न पाहिलेल्या बाईचे माझ्यावर फार उपकार.

दारावर वेल आहे, कमळं आहेत. एकेक पाकळी बघत राहावी अशी. मधोमध मोर. पिसारा बरा आहे, पण पाय बदकाचे! यांना म्हणायची, "राजानं सुताराला पाजून बसवलं होतं का हो?"

"लांबून बघ," म्हणायचे, आणि अंगणात निघून जायचे. चोवीस वर्षं हसले मी त्या मोराला.

२५ जानेवारी

कप्पे रिकामे केले. वरच्या कप्प्यात यांचा चष्मा. पुसला. परत तिथेच ठेवला. हे गेल्यापासून तीन वर्षं हेच चाललंय.

१ फेब्रुवारी, रविवार

मंडळी आली. विजयमाला, जावई, आणि तो जाणकार — आप्पासो. किडकिडीत, खिशात भिंग. भाऊजींनी लग्नाला बांधतात तसा फेटा बांधला होता. चहा होईपर्यंत त्यांनी राजाची तीन पिढ्यांची हकीकत सांगून टाकली. दर वर्षी ती थोडी वाढते.

आप्पासोंनी आधी कपाटाचा वास घेतला. मग बिजागऱ्या बघितल्या. आतल्या कोपऱ्यात नाण्याने खरवडलं आणि म्हणाले, शिसव नाही, साग आहे. वरून काजळी आणि जवसाचं तेल चोपडलंय. भाऊजी म्हणाले, राजाला काळा रंग आवडत असंल.

मग कपाट भिंतीपासून ओढलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! मागे जाळी, धूळ, आणि विजयमालाचा लहानपणी हरवलेला खेळातला गजगा. ती तिथेच फतकल मारून बसली. आप्पासोंनी ओल्या फडक्याने पाठ पुसली. इंग्रजी अक्षरं निघाली. खाली आकडा — १९४४. तो मलाही वाचता आला. बंदुकीच्या गोळ्यांची खोकी असतात, त्यांच्या फळ्या.

आप्पासो भाऊजींना म्हणाले, "राजा पलटणीत हुता व्हय हो?"

भाऊजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आम्ही बायका आधी हसलो नाही. मग विजयमालाला आवरेना आणि सगळंच सुटलं.

जाताना आप्पासो नीट बोलले. काम फार चांगलं आहे, मोर सोडला तर. पण जुनं नाही, विकून छप्पर निघायचं नाही. खणाच्या खाली बोटभर ओळंबा कोरलाय, तो दाखवला. ही मेढ्याच्या हरिबा सुतारांची खूण म्हणे. म्हातारे अजून आहेत.

मेढ्याच्या?

३ फेब्रुवारी

सकाळीच भाऊजी आले. बसेनात, उभेच. परवाचं बाहेर कुणाला कळलंय का, विचारलं. म्हटलं, अजून तरी नाही. जरा वेळ खांबाचा पोपडा काढत राहिले.

"गोठ्याची जुनी कौलं पडून हायत. वाचनालयाला घ्या. पण कपाट राजाचंच."

"राजाचंच," म्हटलं.

छप्पर मिळालं! भाऊजी वळेपर्यंत हसू दाबून धरलं. मग हरणाबाई आल्या आणि दोघी पोट धरून हसलो.

पण दुपारपासून एकच घोळतंय. लिलावात यांना कुणी फसवलं, की यांनी मला? एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही. फसले असतील तर वाईट वाटेल. फसवलं असेल तर — ते विचारायला माणूस कुठे आहे!

७ फेब्रुवारी

उद्या मेढा. विजयमाला पत्रात म्हणते, कशाला उकरतेस, आई. पण कळल्याशिवाय कपाटात पुस्तकं लावायला हात होईना. चष्मा तेवढा आत आहे.

८ फेब्रुवारी

सातारला गाडी बदलून गेले. हरिबांची नजर गेलीय. यांचं नाव सांगितलं, हवालदार आकाराम म्हणताच हसले. हे तेव्हा दोन महिने मामांकडे नव्हतेच, हरिबांच्या पडवीत रंधा मारत होते. पाटलाचं पोर सुताराच्या हाताखाली बसलं, हे भावांना कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं — म्हणून लिलाव. कप्प्यांचं माप घ्यायला घरून एक वही नेली होती म्हणे. बाराखडीची.

"कपाट माजं, वैनी. मोर तेवढा त्यांचा. अंगठा कापून घेतला, पर पटाशी सोडली न्हाई. म्हणलं, पाय तरी मी करतो. तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, तिला माज्या हातचंच जाऊ दे."

राणी नव्हतीच कुणी.

घरी येऊन पार अंगणाच्या टोकाला गेले आणि दारातून मोर बघितला. लांबूनही बदकच दिसतं हो.