विठाकाकूंच्या वाटेवरची भाकरी

आप्पा,

विठाकाकूंना दुसऱ्या इंजेक्शनसाठी शिरूरला घेऊन जातो आहे. दुपारपर्यंत परतू. तोवर चित्त्याची साखळी काढू नका आणि त्याला टेम्पोत घालून दौंडकडे सोडून येण्याचा विचार कृपया थांबवा. काकूंना चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते, असे डॉक्टर म्हणाले आहेत.

दुसरे कारण मला तुमच्यासमोर उभे राहून सांगता आले नाही. काकू आपल्या बांधावरून जाताना रोज ओट्यापाशी थांबत आणि विचारत, "लागली का रं नोकरी?" त्या प्रश्नात मायाच होती, मला मात्र तो कलत्या उन्हासारखा थेट डोळ्यांत जाई. म्हणून मी चित्त्याची भाकरी त्या वाटेवर टाकू लागलो. महिनाभरात त्याला ती वाट स्वतःची वाटू लागली आणि काकू परक्या.

त्या दिवशी पोटरीला पट्टी बांधून घेताना काकू म्हणाल्या, "मुक्या जिवाला मारू नगा. माझाच पाय पडला आसंल त्याच्यावर." मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

आजपासून त्याची भाकरी गोठ्यामागे ठेवा. काकूंचे यजमान, कोंडिबातात्या, आज सकाळी आपल्याकडे येऊन बसतील. "कुत्र्याची जातच तसली," असे म्हणून त्यांची समजूत घालू नका. इंद्रजीतने शिकवले, असे सांगा. परतल्यावर मीही सांगणार आहे. पण तुम्ही आधी सांगितलेत, तर मला माघार घेता येणार नाही.

इंद्रजीत