मूळ व्हिडिओ काढून टाकू नकोस

ऋषिराज,

सकाळपासून आजीची वाचा गेली आहे. तिला बारामतीला दवाखान्यात नेतोय. जेवायला संजीवनीकाकूकडे जा.

लॅपटॉप बिघडलेला नाही. गच्च भरलेल्या वर्गात बाक सरकवायला जागा उरत नाही, तसं त्याच्या एसएसडीचं झालंय. थोडी जागा मोकळी केलीस की पुन्हा वेगात चालेल. सिनेमे काढ, गेम काढ. माझ्या शिकवणीच्या मूळ व्हिडिओंना मात्र हात लावू नकोस. मुलांना पाठवताना आपण त्यांतला आजीचा आवाज कापायचो. मूळ व्हिडिओंत ती अजून मागून ओरडते, "आवं, पोरांना भुका लागल्यात, सोडा की आता."

ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेव. ती पुन्हा बोलली, की मग हवं ते काढून टाक.

आबा