बालसंगोपन

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. महादेवीस,
अ. उ. आ.

आधी तक्रार. अक्कलकोटहून सोलापुरास शेंगाचटणी पाठवणे हा या शहराचा अवमान आहे. पुरावा म्हणून डबा ठेवला होता; तुझ्या वहिनीने तो दोन दिवसांत नष्ट केला. फोनवर तू भावाचं ऐकत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा पर्यवेक्षिकेचा अर्ज जिल्हा कार्यालयात दिला. विशेष शिक्षणातली पदवी हवी, पुनर्वसन परिषदेची नोंदणी हवी, शिवाय सहा वर्षांखालच्या दिव्यांग मुलांना शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव. मार्चअखेर असं माणूस नसेल तर तुमच्या केंद्राची मान्यता जाणार. तुझी अकरा वर्षं भरली आहेत, तेव्हा निश्चिंत राहा. तू ती वर्षं जिथे शिकवलंस त्या जोतिरामकाकांच्या संस्थेचं अनुभवपत्र मीच लिहिलं, त्यांनी सही केली. भाषा प्रासादिक उतरली आहे.

एक कुतूहल. पर्यवेक्षण म्हणजे चहूकडून नीट पाहणे. तू नेमकं काय पाहतेस?

माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझा,
सिद्धारामअण्णा


अक्कलकोट, १० फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न.

चटणी वहिनींसाठीच होती.

मी थांबणं पाहते. मुलाला काही विचारल्यावर बाई किती थांबतात, ते. चार वर्षांच्या सृष्टीला बोलता येत नाही. पाण्यासाठी बोट उचलायला तिला वेळ लागतो. नव्या बाई पाच अंक मोजायच्या आत पेला देत होत्या. मी मागे बसून त्यांचा पदर धरून ठेवला. नवव्या अंकाला बोट उठलं. तिची आजी चंद्रव्वा दारातून म्हणाली, आता हिला दुसरीकडं कुटं न्यायला सांगू नका, बाई. दुसरं केंद्र सोलापुरात, आणि एसटीच्या आवाजाने ही पोर किंचाळत सुटते.

कार्यालयातून फोन आला होता. माझा अनुभव शून्य धरलाय म्हणे. काय झालं ते पाहाल का? कुणावर रागावू नका.

लोभात अंतर नसावं.

आपली,
महादेवी


सोलापूर, १७ फेब्रुवारी

चि. महादेवीस,
अ. उ. आ.

कार्यालयात जाऊन आलो. कारकुनाने अनुभवपत्रच पुढं सरकवलं. त्यात मी तुझ्या कामाला ‘बालसंगोपन’ म्हटलं आहे. ‘विशेष शिक्षण’ मला रुक्ष वाटलं होतं. त्यांनी ते पाळणाघर धरलं. मी व्युत्पत्ती सांगू लागलो. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, सर, बाई मुलं सांभाळत होत्या की शिकवत होत्या, तेवढं सांगा.

काकांकडून साध्या भाषेत नवं पत्र आणलं. अर्जाची मुदत संपल्यामुळे ते नुसतं जोडून ठेवलं आहे. घ्यायचं की नाही, ते समिती गुरुवारी ठरवेल.

तुझं थांबणं माझ्या मराठीच्या वर्गात करून पाहिलं. कधीच तोंड न उघडणाऱ्या ऋतुजाने आठव्या अंकाला विभक्ती बरोबर सांगितली. वीस वर्षं मी तिसऱ्या अंकालाच उत्तर देत आलो, हे आता कळतंय.

रागावू नका म्हणालीस. रागावण्यासारखा माणूस मीच आहे. महादेवी, मला भीती वाटते. केंद्र बंद झालं तर माझ्या एका शब्दाने होईल, आणि चंद्रव्वाला ते कसं सांगायचं, मला सुचत नाही.

लोभ राहू दे.

अण्णा